कुणामुळे झोंबतात नाकाला मिरच्या?

गुलाब जवळ आला की शिंका, डोळ्यांतून धारा, छातीत घरघर. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका बाईंची ही तक्रार होती. १८८६ साली त्यांचे डॉक्टर जॉन मॅकेंझी यांनी एक हुबेहूब नकली गुलाब पैदा केला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा चालू असताना हळूच तो बाईंसमोर धरला. थोड्याच वेळात बाईंचं नाक वाहू लागलं! फूल खोटं आहे हे त्यांना दाखवून द्यावं लागलं. या गुलाबाचा दाखला देऊन ‘अ‍ॅलर्जी म्हणजे सगळे मनाचे खेळ’ असं ठोकून देणारे पुढे बरेच निघाले. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की आपल्याला नक्की कशाचा त्रास होतो हे ओळखण्यात आपण भलतेच कच्चे असतो.

आणि गुलाब तर बिचारा बऱ्यापैकी निर्दोष. त्याचे परागकण जड नि चिकट, माश्या-भुंग्यांच्या अंगाला चिकटून प्रवास करणारे. ते आपल्या नाकापर्यंत क्वचितच पोचतात. पोचतात ते वाऱ्यावर उडणारे हलके, कोरडे कण: गवतांचे, एरंडाचे, काटेमाठाचे. वाऱ्याला भुलवायला रंग लागत नाही की वास लागत नाही, त्यामुळे या मंडळींची फुलं इतकी सामान्य दिसतात की त्यांना कुणी फूल म्हणत नाही, तर संशय कुठून घेणार?

सगळी शिव्याशापांची लाखोली जाते सातविणीला. दसरा-दिवाळीच्या सुमारास रात्री ती फुलली की सोसायटीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘झाड तोडा’चा घोष सुरू होतो. तिच्या उग्र वासाने डोकं दुखू शकतं, हुळहुळं नाक चिडू शकतं, अगदी उदबत्तीने किंवा फिनेलने चिडतं तसंच. पण तिचं परागीभवन किडे करतात. त्याच दिवसांत कंपाउंडच्या कडेचं, पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत मुकाट्याने पराग उधळत असतं, त्याचं नाव कुणीच घेत नाही.

आधी स्वतःचा हात

अ‍ॅलर्जीचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांतले बरेच लोक स्वतःच शिंकरे होते, आणि प्रयोगाला दुसरं कोण मिळणार म्हणून त्यांनी स्वतःलाच टोचून घेतलं.

लंडनचे डॉ. जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली डॉक्टरांच्या सभेत एका रोग्याची हकिकत वाचली: दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरतात, नाक गळतं, दम लागतो. रोगी म्हणजे खुद्द बोस्टॉक. मग त्यांनी असे आणखी रोगी शोधायला घेतले, तर नऊ वर्षांत जेमतेम २८ सापडले. आज एखाद्या शाळेच्या दोन वर्गांत तेवढे निघतील. बोस्टॉक यांना आणखी एक गोष्ट खटकली होती. हा आजार खात्यापित्या घरांतच दिसत होता, गरिबांत नाही. त्याचा धागा पुढे १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी पकडला. घरात भावंडं जितकी जास्त, तितका हा त्रास कमी, असं त्यांना आकडेवारीत दिसलं. लहानपणी जंतूंशी पुरेशी ओळख झाली नाही तर प्रतिकारशक्ती नको तिथे तलवार उपसते, ही कल्पना तिथून आली. आज तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यामुळे पोराला मुद्दाम चिखलात लोळवायची गरज नाही. तशीही पोरं लोळतातच.

माझा लाडका मात्र मँचेस्टरचा चार्ल्स ब्लॅकली. हाही डॉक्टर आणि हाही शिंकरा. त्याने स्वतःच्या हातावर ओरखडा काढून त्यावर गवताचे ओले परागकण बांधले, दुसऱ्या हातावर नुसताच ओरखडा. परागवाला हात सुजला, दुसऱ्याला काही झालं नाही. आज अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये होते त्या चाचणीची ही पणजी. एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. पराग हवेत किती उंच जातात हे बघायला हा गृहस्थ चिकट काचा बांधून पतंग उडवायला लागला! हजारेक फुटांवरून उतरवलेल्या काचांवरही परागकण सापडले. या सगळ्या खटाटोपाचं पुस्तक १८७३ साली निघालं. पतंगाच्या बहाण्याने संशोधन करणारा माणूस मकरसंक्रांतीला आपल्याकडे असायला हवा होता.

पुढची जोडगोळी जर्मनीतली. १९२१ साल. हाइन्झ क्युस्टनर यांना मासे चालत नसत आणि कार्ल प्राउसनित्झ यांना गवताचे पराग. क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव काढून प्राउसनित्झ यांच्या पोटाच्या कातडीत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासे मजेत पचवणाऱ्या प्राउसनित्झ यांच्या पोटावर टपोरी गांधी उठली. म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातून दुसऱ्याला ‘देता’ येते, तिथे काहीतरी पदार्थ आहे. तो पदार्थ कोणता हे कळायला आणखी ४५ वर्षं गेली. १९६६ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत डेन्व्हरला तो शोधला, तोही एकमेकांच्या कातडीवर टोचून. आजच्या लॅब रिपोर्टवर दिसणारा आयजीई तो हाच.

‘अ‍ॅलर्जी’ हे नाव मधल्या काळातलं, १९०६ मधलं. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिलेलं.

खुर्चीत बसल्या बसल्या निदान

अनुभवी डॉक्टर सुई उचलण्याआधीच अर्धं निदान करतो. मूल तळहाताने नाक खालून वर घासतं, दिवसातून शंभरदा. याला डॉक्टरी भाषेत ‘अ‍ॅलर्जिक सॅल्यूट’ म्हणतात. वर्षानुवर्षं सलाम ठोकून नाकाच्या शेंड्याच्या थोडं वर एक आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसर छटा येते, आणि आजी म्हणते, ‘पोरगं रात्री झोपत नाही गं, मोबाइल काढून घे त्याचा.’ खरं तर ते वर्तुळ चोंदलेल्या नाकामुळे तिथल्या शिरांत साचलेल्या रक्ताचं असतं. (मोबाइल काढून घ्यायला तरीही हरकत नाही.)

मग प्रश्न सुरू. नाक खाजतं का? डोळे? टाळू? खाज असेल तर पारडं अ‍ॅलर्जीकडे झुकलं. ताप आणि अंगदुखी असेल तर साधी सर्दी, ती आठ-दहा दिवसांत आटपते. शिंका कधी? उठल्या उठल्या ओळीने दहा-बारा, आणि आंघोळ करून घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं? मग अंथरुणाकडे बघा. फक्त सप्टेंबर ते नोव्हेंबर? गवताकडे बघा. माळा झाडला, जुनी पुस्तकं काढली की लगेच? धूळ आणि बुरशी.

‘हंगामी’ आणि ‘बारमाही’ अशी जुनी वाटणी २००१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी बाजूला ठेवली. आठवड्यात चार दिवसांहून कमी किंवा सलग चार आठवड्यांहून कमी त्रास असेल तर अधूनमधूनचा, त्याहून जास्त असेल तर टिकाऊ, असा हिशेब आला. युरोपात हिवाळा संपला की परागांचा मोसम येतो आणि जातो. आपल्याकडे काही ना काही बाराही महिने फुलत असतं आणि पावसाळ्यात भिंती फुलतात, म्हणून आपल्याला हा हिशेब जास्त सोयीचा.

आता सुई. आतली बाजू वर करून हात टेबलावर पसरायचा. त्यावर बॉलपेनने आकडे लिहितात. प्रत्येक आकड्याशेजारी एका अर्काचा थेंब: धुळीतले किडे, झुरळ, बुरशी, गवत, मांजर. सोबत दोन थेंब परीक्षकाचीच परीक्षा घेणारे. एक हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीरच सोडतं त्या खाज आणणाऱ्या रसायनाचा, तो उठलाच पाहिजे, आणि एक साध्या सलाइनचा, तो उठता कामा नये. थेंबातून कातडीला जेमतेम टोचा, रक्तसुद्धा येत नाही. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं खरी कसोटीची, कारण हात खाजतोय आणि खाजवायचं नाही. मग मिलिमीटरची पट्टी येते. सलाइनच्या जागेपेक्षा फुगवटा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असला तर ‘पॉझिटिव्ह’. चाचणीच्या आदल्या रात्री सर्दीची गोळी घेतली असेल तर हिस्टामिनचाही थेंब झोपलेला राहतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून या गोळ्या साधारण आठवडाभर आधी, डॉक्टरांना विचारून, थांबवतात.

पण ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजार नव्हे. झुरळाचा थेंब उठला आणि झुरळांच्या घरात राहून तुम्हाला शिंकही येत नसेल, तर तो कागद फायलीत ठेवा आणि विसरा. रक्तातला एकूण आयजीई वाढलेला दिसला तरी दचकू नका, पोटात जंत असले तरी तो वाढतो. आणि ‘एका थेंबात शंभर पदार्थांची अ‍ॅलर्जी तपासा’ छापाच्या जाहिरातींत बऱ्याचदा आयजीई नव्हे, आयजीजी हा दुसराच पदार्थ मोजतात. तो फार तर तुम्ही काय खाता ते सांगतो. भात, डाळ, दूध यांच्यासमोर लाल खुणा असलेला भरमसाट किमतीचा कागद घेऊन लोक उपाशी बसतात, याचा मला खरोखर राग येतो.

गादीतले बिऱ्हाडकरू

घरच्या धुळीतला खरा गुन्हेगार १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी पकडला. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आठ पायांचा किडा. आपल्या कातडीचा कोंडा खातो, पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा अंगात ओढून घेतो. आपल्याला त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनाचा. गादी, उशी, सोफा, टेडी बेअर ही त्याची बिऱ्हाडं, आणि कोकण-मुंबईची हवा म्हणजे त्याला पर्वणीच.

पाऊस गेल्यावर गाद्या गच्चीत उन्हात टाकायची आपल्या घरांतली जुनी रीत इथे अचूक लागू पडते. कडक उन्हात हे किडे वाळून मरतात. मात्र विष्ठा जागेवरच राहते, म्हणून नंतर झटकायचं, आणि झटकायचं काम शिंकणाऱ्याने करायचं नाही. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात.

हे झालं घरातलं. बाहेरच्या हवेत काय उडतंय हे मोजायचं एक यंत्र मराठी मातीतलं आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. टी. टिळक यांनी बनवलेला ‘टिळक एअर सॅम्पलर’. तो हवा ओढून फिरत्या ड्रमवरच्या चिकट पट्टीवर आदळवतो आणि सलग आठ दिवस नोंद ठेवतो. मग ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून पराग आणि बुरशीचे बीजाणू मोजायचे. ब्लॅकलीच्या पतंगाला विजेची मोटर मिळाली, असंच म्हणायचं!

गाजर गवत ऊर्फ काँग्रेस गवताची पुण्यातली प्रसिद्ध नोंद १९५५ ची. अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून ते आलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या गव्हाचा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. तारखांचा मेळ बसत नाही. गहू त्याआधीही येत होता, तेव्हा गव्हावरचा संशय पूर्ण फिटला असंही नाही. या गवताचे पराग नाकाला छळतातच, पण त्याचा खरा हिसका कातडीला बसतो. पापण्या, मान, कोपराचे खळगे लाल होऊन जाड पडतात, विशेषतः शेतात राबणाऱ्यांचे. याला सुईची चाचणी चालत नाही. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी बघावं लागतं, कारण इथे आयजीईचा संबंध नाही, पेशी सावकाश चिडतात. बिब्बा उततो तो याच पद्धतीने. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर नेमक्या ठिपक्यांत पुरळ उठायला लागलं. शोध घेतला तर धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरत होता. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. आंब्याचा चीक ओठाला लागून कुणाचं तोंड उतत असेल तर तो नखरा नाही.

आणि कबुतरं? २०२५ मध्ये दाणे टाकणं थांबवायला दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा सगळी मुंबई दोन तट पडून भांडली. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेमुळे आणि पिसांच्या भुकटीमुळे होणारा मोठा आजार फुफ्फुसाचा आहे, नाकाचा नाही. कोरडा खोकला, चढताना धाप. शिंकांची गोळी त्याला काहीच करत नाही. तिथे छातीचा स्कॅन लागतो.

झोपेची की बिनझोपेची?

‘काका, सर्दीची गोळी द्या.’
‘झोप येणारी की न येणारी?’

मेडिकलच्या काउंटरवरचा हा संवाद म्हणजे औषधशास्त्राचा अख्खा इतिहास आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे यांनी १९३७ साली पहिलं हिस्टामिनविरोधी रसायन शोधलं. १९५७ साली त्यांना नोबेल मिळालं. सुरुवातीच्या पिढीतल्या गोळ्या, आपली सीपीएम त्यांतलीच, मेंदूत शिरतात आणि झोप आणतात. ती घेऊन दुचाकी चालवू नये हे पाकिटावर बारीक अक्षरात असतं, काका सुट्टे पैसे शोधण्याच्या नादात सांगत नाहीत.

पुढची गंमत यकृताची. टर्फेनाडिन नावाची बिनझोपेची गोळी धूमधडाक्यात खपत होती. काही अँटिबायोटिक्स किंवा बुरशीच्या औषधांसोबत घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात हे कळलं आणि नव्वदच्या दशकाअखेरीस ती गेली. पण नाकावरचं काम प्रत्यक्षात टर्फेनाडिन करतच नव्हतं, यकृत तिचं जे रूपांतर करतं ते करत होतं. मग कंपन्यांनी तेच थेट गोळीत भरलं: फेक्सोफेनाडिन. सिट्रिझिनही असंच, हायड्रॉक्सिझिन या जुन्या गोळीचं शरीरात बनणारं रूप. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यासोबत घ्या, संत्र्या-सफरचंदाच्या रसाने ती धड शोषली जात नाही.

माँटेलुकास्ट मिसळलेली जोडगोळी आपल्याकडे चणे-फुटाण्यासारखी लिहून दिली जाते. वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, अगदी आत्महत्येचे विचार अशा परिणामांसाठी अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि नुसत्या नाकाच्या तक्रारीसाठी आधी इतर औषधं वापरा असं सांगितलं. मूल अचानक रात्री दचकून उठायला लागलं तर ही गोळी आठवा.

टिकाऊ त्रासावर, खास करून चोंदलेल्या नाकावर, गोळीपेक्षा स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा सरस ठरतो. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात, पण या फवाऱ्यातलं फारच थोडं रक्तात जातं. लोक दोन दिवस मारतात, ‘काही फरक नाही’ म्हणून ठेवून देतात. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. आणि उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या भिंतीवर बसतो आणि घोळणा फुटत नाही.

नाक मोकळं करणारे थेंब याच्या अगदी उलट: मिनिटात जादू, आणि तीन-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडायलाच नकार देतं. काहींच्या उशीखाली ती बाटली वर्षानुवर्षं असते.

जलनेती? होय, मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने आराम पडतो, याला पुरावा आहे. पाणी मात्र उकळून गार केलेलं. अमेरिकेतल्या लुइझियानात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे मेंदू पोखरणाऱ्या अमिबाने दगावले. तेच पाणी प्यायलं असतं तर काही झालं नसतं.

गावरान मध चाटून पराग पचवायचा उपाय तेवढा सोडून द्या. मधात फुलांचे पराग असतात, त्रास देतात ती गवतं.

वादळ आलं नि दमा घेऊन आलं

२१ नोव्हेंबर २०१६. मेलबर्नवर संध्याकाळी वादळ आलं. दमटपणाने रायगवताचे पराग फुटून त्यांचा भुगा झाला आणि तो थेट फुफ्फुसांत उतरला. हजारो लोक दवाखान्यांत धावले, दहा जण गेले. त्यांतल्या कित्येकांना तोवर दमा नव्हता, वसंतातल्या शिंका तेवढ्या होत्या. आजारी पडलेल्यांत भारतीय उपखंडातून आलेल्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होतं. मेलबर्नला लेकाकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघालेल्या शिंकऱ्या आई-बाबांनी फवारा आणि पंप सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवावा.

जपानची गोष्ट संथ. दुसऱ्या महायुद्धात बोडक्या झालेल्या डोंगरांवर सुगी ऊर्फ जपानी देवदाराची प्रचंड लागवड झाली. झाडं वयात आली, आणि आता दहांतल्या चार जपान्यांना परागांचा त्रास आहे. २०२३ मध्ये सरकारने ही लागवड दहा वर्षांत २० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं.

काट्याने काटा

ज्याने शिंका येतात तेच थोडं थोडं टोचून शरीराला सवय लावायची, ही शक्कल १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी छापली. दोनच वर्षांत क्षयाने ते गेले, काम जॉन फ्रीमन यांनी पुढे नेलं. आज हे इंजेक्शनने किंवा जिभेखालच्या थेंबांनी करतात, तीन ते पाच वर्षं. लांबलचक आहे, पण थांबवल्यावरही गुण टिकतो असा हा एकच उपाय. इंजेक्शन टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात तेव्हा कंटाळून पळू नये. क्वचित जोराची प्रतिक्रिया येते ती बहुधा त्याच अर्ध्या तासात.

फ्रीमन यांना दम्याच्या रोग्यांच्या घरांतली बुरशी तपासायची होती. त्यासाठी ला टूश नावाचा बुरशीतज्ज्ञ सेंट मेरीजमध्ये आला. त्याची प्रयोगशाळा ज्या खोलीच्या खाली होती, त्या खोलीत अलेक्झांडर फ्लेमिंग आपल्या काचेच्या बशा उघड्या टाकून १९२८ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर गेला. बशीत पडलेला पेनिसिलियमचा बीजाणू बहुधा ला टूशच्याच खोलीतून जिना चढून वर आला असावा. अ‍ॅलर्जीच्या संशोधनाने जगाला असं फुकटात पेनिसिलीन दिलं, आणि पेनिसिलीनने त्याची परतफेड नव्या अ‍ॅलर्जीने केली! लहानपणी कधीतरी पुरळ उठलं म्हणून फायलीवर लाल शाईने ‘पेनिसिलीन चालत नाही’ लिहिलेली माणसं घरोघरी आहेत. रीतसर तपासलं तर त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना ते बिनधास्त चालतं. उरलेल्या एकात आपण नसू हे मात्र दवाखान्यात, डॉक्टरसमोरच तपासून घ्यायचं.